जीर्णोद्धार

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाच्या सामानात एक तरी वस्तू अशी असते, की तिचा उपयोग काय असे कोणी विचारल्यास त्याला नीटसे उत्तर देता येत नाही. कोणाकडे ती आजीच्या हातची गोधडी असते, कोणाकडे बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ. माझ्याजवळची अशी वस्तू म्हणजे १९६६ साली माझ्या आजोबांनी साताऱ्यास घेतलेली लॅम्ब्रेटा स्कूटर होय. तीन वर्षांपूर्वी केंद्र सरकारच्या एका कचेरीतील कारकुनाच्या जागेवर माझी तंजावरास बदली झाली आणि माझ्यामागोमाग रेल्वेच्या पार्सल डब्यातून, पोत्यात गुंडाळलेले हे धूडही आले. वडिलांनी ती नोकरीच्या काळात वीसेक वर्षे वापरली होती. पुढे तितकीच वर्षे ती पडवीत धूळ खात उभी होती. पोते सोडल्यावर सौभाग्यवतीने एकच प्रश्न केला, "हिचं इथं काय करायचं?"

या प्रश्नाने मला पुष्कळ विचार करावयास लावले. वारशाने आलेली वस्तू जपणे म्हणजे नेमके काय करणे? ती आहे तशी ठेवणे, की ती चालती ठेवणे? आणि चालती ठेवण्यासाठी तिच्यात बदल करावा लागला, तर कोणत्या बदलानंतर ती आपल्या आजोबांची राहत नाही? स्कूटर हे केवळ निमित्त आहे. आपला प्रांत सोडून राहणाऱ्या आपणां सर्वांनाच हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात पडत असेल, म्हणून तो येथे मांडतो.

प्रथम या वाहनाचे कूळ सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या इटलीत, मिलान शहरालगतच्या लांब्राते या उपनगरात, पोलादी नळ्या तयार करणाऱ्या फेर्दिनांदो इन्नोचेंती यांनी १९४७ साली ही स्कूटर बाजारात आणली. गावाचे नाव तिला मिळाले. पुढे मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने तिची जुळणी आपल्याकडे सुरू केली आणि आजोबांची लॅम्ब्रेटा तेथूनच आली. १९७१ साली इटलीतील उत्पादन बंद झाले. तेव्हा भारत सरकारने तेथली यंत्रसामग्री विकत घेतली आणि १९७२ साली लखनौस स्कूटर्स इंडिया ही सरकारी कंपनी स्थापन झाली. आजही युरोपातील हौशी लोक आपल्या जुन्या लॅम्ब्रेटांसाठी हिंदुस्थानात बनलेले सुटे भाग मागवितात. म्हणजे मिलानच्या यंत्रावर लखनौच्या कामगाराने घडविलेला भाग इटलीतल्या स्कूटरला बसतो. तो भाग अस्सल म्हणावयाचा की परका, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तंजावरात आल्यावर पहिली गाठ कायद्याशी पडली. परराज्यातून आणलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाचे, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याची नोंद नव्याने करावी लागते. शिवाय २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी एक स्वतंत्र वर्ग निर्माण केला आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली वाहने या वर्गात नोंदविता येतात. मात्र अशी वाहने नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढावयाची. याउलट साध्या वर्गात नोंद केली, तर दर पाच वर्षांनी वाहनाची सुस्थिती सिद्ध करून ते रोज चालविता येते.

म्हणजे माझ्या मनातला प्रश्न सरकारने आधीच दोन अर्जांत विभागून ठेवला होता. एका अर्जात वस्तूला मान होता, पण रस्ता नव्हता. दुसऱ्यात रस्ता होता, पण मान नव्हता. चेन्नईचे एक हौशी संग्राहक मला कळकळीने सांगत, की रंगाची छटा, स्क्रूचे डोके, टायरवरची नक्षी, सारे कारखान्यातून निघाले त्या दिवशीसारखे केले पाहिजे. मी फोनवरून वडिलांना विचारले. ते म्हणाले, "अरे, तुझ्या आजोबांनी ती कचेरीला जायला घेतली होती. तुला कचेरीला जायचं नाही का?" मी साधा अर्ज भरला. साताऱ्याहून आलेल्या लॅम्ब्रेटाच्या पाटीवर तमिळनाडूचा ४९ हा तंजावरचा आकडा चढला. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक मात्र तोच राहिला. एखादी वस्तू 'तीच' कशावरून, या प्रश्नाला सरकारदरबारी हेच उत्तर आहे: पोलादावर ठोकलेले काही आकडे.

हे उत्तर किती अपुरे आहे, ते घराच्या मागच्या ओसरीवर इंजिन उघडल्यावर कळले. माझी कल्पना अशी, की आत १९६६ साल जसेच्या तसे सापडेल. तेथे सापडली निराळीच मंडळी. क्लचच्या तबकड्या लखनौच्या, कार्ब्युरेटर मागाहून बदललेला, दुहेरी साखळी कोणत्या तरी स्थानिक बनावटीची. गिअरच्या केबलचे टोक जेथे अडकते, तेथे तर पितळेची एक वेडीवाकडी गोळी होती. फोनवर विचारता वडील हसले. मूळ गोळी हरवल्यावर त्यांनी मोडक्या समईच्या दांड्याचा तुकडा रात्रभर कानशीने घासून ती बनविली होती. संग्राहकांच्या शास्त्राप्रमाणे ही गोळी प्रथम फेकावयास हवी. पण ती फेकल्यावर या स्कूटरमध्ये माझ्या वडिलांचे काय उरले असते? 'मूळ रूप' या शब्दाचा आग्रह धरून १९६६ मधील एका दिवसाला आपण सर्वाधिकार देतो आणि पुढची सारी वर्षे, म्हणजे ज्या वर्षांमुळे ती आपली झाली तीच वर्षे, कचरा ठरवितो.

बौद्ध परंपरेतील 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात नागसेन मिलिंद राजाला रथाविषयी विचारतो. चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते, आणि अखेरीस कळते की या सर्वांच्या जुळणीला रथ हे केवळ एक व्यवहाराचे नाव आहे. ओसरीवर वर्तमानपत्रांवर मांडलेल्या त्या सुट्या भागांकडे पाहताना हा दृष्टांत मला प्रथमच पटला. तथापि त्यातून एक धोकाही उद्भवतो. कोणताही एक भाग म्हणजे स्कूटर नव्हे, तर मग कोणताही भाग हवा तसा बदलावयास काय हरकत आहे? या तर्काने मी कसा फसलो, ते आता सांगावयाचे आहे.

आजोबांची लॅम्ब्रेटा १५०ची. तिच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा ५८ मिलिमीटर. आकारमान १४८ घन सेंटिमीटर. याच कुळात टीव्ही १७५ ही वेगवान बहीण होती. तिच्या नावातील 'तुरिस्मो वेलोचे' या इटालियन शब्दांचा अर्थच शीघ्र प्रवास असा आहे. फेरा तोच ठेवून ६२ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर बसविला, की १५०ची १७५ होते. असा सिलिंडर बाजारात मिळत होता. मी तो आणला आणि एका रविवारी कोणालाही न सांगता स्वतःच्या हाताने बसविला.

गरज काही नव्हती. घरापासून कचेरी चार किलोमीटर. खरे कारण इतकेच, की सिग्नलपाशी पोरासोरांच्या नव्या मोटारसायकली मला मागे टाकून जात आणि चाळिशीकडे झुकलेल्या कारकुनाला ते सहन होत नव्हते. आजोबांच्या वस्तूचा 'उद्धार' करतो आहे, असे मी मनाशी म्हणत होतो.

येथे आणखी एक कबुली दिली पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम असे सांगते, की नोंदणीपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने वाहनात करू नये; २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. मी दिवसभर कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांतील विसंगती शोधतो. जन्मतारखेत एका आकड्याचा फरक निघाला, तर म्हाताऱ्या माणसाला पुन्हा यावयास सांगतो. आणि सायंकाळी कागदावर १४८ अन् प्रत्यक्षात १७५ असलेल्या वाहनावरून घरी जातो. दोन महिने हे मला खटकलेसुद्धा नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही तिघे तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन परतत होतो. तेरा किलोमीटरांचा रस्ता आणि वाटेत कावेरीच्या फाट्यांवरचे एकामागून एक पूल. वेण्णार नदीचा पूल थोडा पुढे राहिला असता इंजिन एकाएकी आखडले आणि मागचे चाक जागच्या जागी थांबले. क्लच दाबेपर्यंत स्कूटर रस्त्याकडेला वाळत घातलेल्या भातावर घसरली होती. सौभाग्यवतीच्या कोपराला मार लागला, सात वर्षांच्या मुलीचा गुडघा सोलवटला. मागून बस येत नव्हती, म्हणून हा लेख लिहिता येतो आहे. ज्यांचे भात विस्कटले त्या शेतकरी बाईने शब्दही न बोलता मुलीच्या गुडघ्यावर पाणी ओतले.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी पिस्टन काढून माझ्या हातावर ठेवला. त्याच्या अंगावर उभ्या चिरा पडल्या होत्या. ते म्हणाले, "सार, इंजिनाचं तोंड मोठं केलंत, घास तेवढाच ठेवलात." सिलिंडर वाढला, तो अधिक हवा ओढू लागला, पण कार्ब्युरेटरमधील पेट्रोलचे भोक मी पूर्वीचेच ठेवले होते. अशा इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. शिवाय वेग वाढविताना ब्रेक मात्र १९६६ च्याच मापाचे होते, हेही मेस्त्रींनीच दाखवून दिले.

तेव्हापासून दुरुस्ती आणि बदल यांतील फरक मला थोडा समजू लागला आहे. हा फरक जुन्या आणि नव्या भागांचा नाही. दुरुस्ती करणारा माणूस वस्तूला विचारतो, तुला काय हवे आहे? मी मात्र तिला विचारले होते, तू माझ्यासाठी काय होशील? माझा जुना सिलिंडर बिडाचा होता. तो किंचित कातून पुढच्या मापाचा पिस्टन बसविता येत होता. असे वाढत्या मापाचे पिस्टन कारखानेच तयार करीत असत. म्हणजे झिजेचा हिशेब धरून निर्मात्याने धातूतच जागा राखून ठेवली होती. त्या जागेत राहून केलेले काम ती दुरुस्ती. पितळेच्या गोळीत वडिलांनी हेच केले होते: भाग परका, पण काम स्कूटरचे. माझा सिलिंडर तिच्याच कुळातला आणि हेतू माझ्या फुशारकीचा.

पण एवढ्याने सर्व प्रश्न सुटतात असे मात्र नाही. तंजावरात राहणाऱ्याला याचे उत्तर रोज बृहदीश्वराच्या आवारात तपासून पाहता येते. १०१० च्या सुमारास राजराज चोळाने पुरे केलेले हे मंदिर; त्यासमोरचा भव्य नंदी नायकांच्या काळातला, गणपतीचे देऊळ सरफोजी राजांनी नव्याने बांधविलेले. गर्भगृहाभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात चोळांची भित्तिचित्रे होती. त्यांच्यावर नायककाळात दुसरी चित्रे रंगविली गेली. १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी यांना वरच्या थराखालची चोळचित्रे आढळली. आता कोणती राखावयाची? पुढे पुरातत्त्व खात्याने जागोजागी वरचा थर अलगद सोडवून वेगळ्या फलकांवर चढविला आणि दोन्ही चित्रे वाचविली. एकाला अस्सल ठरवून दुसरे खरवडून टाकले नाही. आणि आपण मराठी माणसे गावाकडच्या पाहुण्यांना अभिमानाने जे दाखवितो, तो भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ चा मराठी शिलालेख? आठशे वर्षांच्या दुसऱ्याच्या भिंतीवर आपली वंशावळ कोरणे ही देवाची सेवा होती, की माझ्या ६२ मिलिमीटरच्या सिलिंडरासारखी फुशारकी? मला वाटते, तीत थोडे दोन्ही होते. मात्र एक गोष्ट त्या लेखाच्या बाजूची आहे: कोणी कोरले आणि केव्हा, ते त्याने लपविले नाही.

आमच्या गल्लीत एक वृद्ध निवृत्त शिक्षक राहतात. सारे त्यांना रायर म्हणतात. आमची मुलगी त्यांना आजोबा म्हणते. सरफोजींच्याही आधी त्यांचे पूर्वज येथे आले. त्यांच्या मराठीत आपल्याकडे केव्हाच लोपलेले शब्द आहेत आणि त्यांच्या शेजारी तमिळ शब्द निःसंकोच बसलेले आहेत. पहिल्या भेटीत मी त्यांचे एक वाक्य सुधारले होते. आज त्याची लाज वाटते. ते रागावले नाहीत. आमची भाषा तीनशे वर्षे इथल्याच सामानाने दुरुस्त होत आली, पण घरात आम्ही तिच्यातच बोलतो, एवढेच ते म्हणाले. त्यांनीच मला सांगितले, की एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार येथे येत आणि त्यांची रीत उचलून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला तिचे रूप दिले. त्या हरिकथेत साकी आणि दिंडी अजून म्हटल्या जातात. त्याच सुमारास आपल्याकडील कीर्तन जसेच्या तसे पेटीत घालून ठेवले असते, तर ते येथे एक पिढीही टिकले नसते.

आमची मुलगी हल्ली 'हो' म्हणावयाच्या जागी 'आमा' म्हणते. पूर्वी मी तिला टोकत असे. आता टोकत नाही. पण 'हो' हा शब्द तिला ठाऊक राहील, एवढे पाहतो. बाहेर राहणाऱ्या आईबापाच्या हाती याहून फारसे काही असते असे मला वाटत नाही.

लॅम्ब्रेटाचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. आजोबांचा सिलिंडर कातून पुन्हा बसविला. नोंदणीपत्र आणि इंजिन यांचे आता जुळते. एक बदल मात्र मी विचारपूर्वक केला आहे. सहा व्होल्टच्या जुन्या दिव्याने संध्याकाळी रस्त्यावरची बैलगाडीसुद्धा दिसत नसे. म्हणून ठिणगीची व्यवस्था इलेक्ट्रॉनिक केली आणि दिवा बारा व्होल्टचा बसविला. जुने सर्व भाग तेल लावून डब्यात ठेवले आहेत; उद्या कोणाला पूर्ववत करावयाचे असल्यास एका दिवसात होईल. शिवाय एक वही केली आहे. तिच्यात कोणता भाग केव्हा बदलला, कोणी व का, हे तारीखवार लिहितो. १७५ च्या सिलिंडरची नोंद, वेण्णारच्या रस्त्यावरील अपघातासह, तिसऱ्या पानावर आहे.

गेल्या पोंगलला वडील येथे आले. त्यांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली, तिसऱ्या लाथेला इंजिन सुरू केले आणि कान देऊन ऐकत म्हणाले, "आवाज थोडा निराळा वाटतोय."

"हो, बाबा," मी म्हणालो, "ठिणगी बदलली आहे. सिलिंडर आजोबांचाच आहे, पण कातलेला." आणि वही त्यांच्या हाती दिली.

चष्मा लावून त्यांनी ती पहिल्यापासून वाचली. तिसऱ्या पानावर बराच वेळ थांबले, पण बोलले काही नाही. मग माझ्याकडे पेन मागितले, पहिल्या पानावरच्या मोकळ्या जागेत आपल्या वळणदार अक्षरांत लिहिले, "गिअरच्या केबलची गोळी, पितळी, समईच्या दांड्यातून, १९८७," आणि खाली सही केली.